सफारीचा पैसा कोणाच्या अंगणात उतरतो?

जुलै २०२५ मध्ये केनियातल्या मसाई माराची एक चित्रफीत जगभर फिरली. विल्डबीस्टचा कळप नदी ओलांडायला काठावर आला होता. समोर खुरांनी तुडवून तयार झालेला उतार होता आणि त्या उताराच्या तोंडावरच पर्यटक गाड्यांतून उतरून, मोबाइल उंच धरून उभे होते. वाट अडल्यावर जनावरांनी शेजारच्या उंच कड्यावरून पाण्यात उड्या घेतल्या. त्यानंतर केनिया सरकारने नियम आवळले: ठरलेल्या जागा सोडून गाडीतून पाय खाली ठेवायचा नाही, कळपाची वाट अडवायची नाही.

त्याआधी काही महिने, ३१ डिसेंबर २०२४ रोजी, उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात गोठणगावच्या फेरीवर ‘एफ-२’ या नावाने ओळखली जाणारी वाघीण पाच बछड्यांसह रस्त्यावर आली. दोन्ही बाजूंनी जिप्सी येऊन थांबल्या. वाघिणीला आणि बछड्यांना धड पुढे जाता येईना, धड मागे फिरता येईना. तीही चित्रफीत पसरली. चालक आणि मार्गदर्शकांवर निलंबनाची कारवाई झाली आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून प्रकरणाची दखल घेतली.

दोन्हीकडे संताप पर्यटकांवर आणि चालकांवर निघाला, आणि तो रास्तच होता. पण गाडी चालवणाऱ्याचा हिशेब कोणी मांडला नाही. त्याची कमाई पाहुण्याच्या समाधानावर टिकते आणि पाहुण्याचे समाधान फोटोवर. जनावर जितके जवळ, तितकी बक्षिसी मोठी. वाघीण सुखरूप राहिली, तिने पुढच्या वर्षी पुन्हा बछडे वाढवले, तर त्याच्या पदरात वेगळे काही पडत नाही. हा हिशेब तसाच राहिला, तर आज निलंबित झालेल्यांच्या जागी उद्या दुसरे येतील आणि तीच गाडी त्याच जागी उभी करतील.

मुंबईच्या उपनगरांत आफ्रिकेच्या सफारीचे आता पूर्वीइतके अप्रूप राहिलेले नाही. नैरोबीला मुंबईहून थेट विमाने जातात; प्रवास सहा तासांच्या आसपासचा. केनियात जाणाऱ्या परदेशी पाहुण्यांत भारतीयांची संख्या मोठी आहे. बोरिवली, मुलुंड, घाटकोपरच्या मराठी घरांतून निवृत्तीनंतरची किंवा लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाची सहल म्हणून मसाई मारा आणि सेरेंगेटीची आखणी होते. घरी नाचणीचे लाडू, चिवडा बांधून दिला जातो, नवी दुर्बीण घेतली जाते. गेल्या काही वर्षांत सहलींच्या पत्रकांवर ‘संवर्धन’ हा शब्दही ठळक दिसू लागला आहे. आपला पैसा हत्तींच्या, गेंड्यांच्या रक्षणासाठी जातो, या भावनेने लोक तो आनंदाने मोजतात. ही भावना प्रामाणिक आहे, म्हणून तिची फसगत होऊ नये.

पैसा थोडाथोडका नाही. मसाई मारा राष्ट्रीय राखीव क्षेत्राचे परदेशी प्रौढांसाठीचे प्रवेशशुल्क २०२४ पासून जुलै ते डिसेंबर या काळात दिवसाला २०० डॉलर आहे. चार प्रौढांचे कुटुंब तीन दिवस राहिले, तर नुसत्या फाटकावर २,४०० डॉलर जातात, म्हणजे दोन लाख रुपयांहून अधिक. विमान, मुक्काम, गाडी वेगळी. हे शुल्क नारोक काउंटीच्या सरकारकडे जमा होते. पण ज्याच्या कुरणातून तो सिंह रात्री फिरून आला, ज्याची गाय त्याने मारली, त्या मसाई गुराख्यापर्यंत यातले किती पोहोचते, हा प्रश्न सहल नक्की करताना विचारणारे फार थोडे असतात.

तो प्रश्न किती महत्त्वाचा आहे, हे केनियाच्याच अनुभवावरून कळते. केनियाने १९७७ मध्ये शिकारीवर सरसकट बंदी घातली. जगभर त्याचे कौतुक झाले. त्या वर्षापासून २०१६ पर्यंतच्या हवाई गणनांचा अभ्यास जोसेफ ओगुटू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केला, तेव्हा निघालेला आकडा धक्का देणारा होता: चाळीस वर्षांत केनियातले वन्यप्राणी सरासरी ६८ टक्क्यांनी घटले होते. बंदूक खाली ठेवूनही प्राणी गेले, कारण त्यांची जागा गेली. केनियातले निम्म्याहून अधिक, सुमारे ६५ टक्के वन्यप्राणी राष्ट्रीय उद्यानांच्या बाहेर, लोकांच्या जमिनींवर राहतात. सामुदायिक कुरणांचे तुकडे होऊन जमिनी कुटुंबांच्या नावावर झाल्या, कुंपणे उभी राहिली, गहू पेरला गेला, जनावरांचे कळप वाढले. त्या जमिनीवर झेब्रा चरला काय आणि न चरला काय, मालकाला फायदा शून्य. नुकसान मात्र ठरलेले.

याला उत्तर म्हणून माराच्या भोवती जे उभे राहिले, ते समजून घेण्यासारखे आहे. ओलारे ओरोक हे संवर्धनक्षेत्र २००६ मध्ये आले, नाबोइशो २०१० मध्ये. अशी क्षेत्रे वाढत गेली आणि आज ती मिळून जवळपास मूळ राखीव क्षेत्राएवढी जमीन व्यापतात. व्यवस्था सरळ आहे. शेजारशेजारचे शेकडो मसाई जमीनमालक एकत्र येतात आणि आपल्या जमिनी कुंपणाविना, शेतीविना मोकळ्या ठेवण्याचा करार करतात. पर्यटन कॅम्प चालवणाऱ्या कंपन्या त्याबदल्यात एकरामागे ठरलेले भाडे देतात. भाडे नियमित येते आणि ते थेट मालकाच्या खात्यात किंवा मोबाइलवर जमा होते. त्या महिन्यात पाहुणे कमी आले म्हणून कमी नाही, सिंह दिसला म्हणून जास्त नाही. शेकडो एकरांमागे एकच तंबू, एका जनावराजवळ मोजक्याच गाड्या, असे निर्बंध कंपन्यांनी स्वतःवर घालून घेतले, कारण गर्दी झाली तर जास्त दर देणारा पाहुणा येणार नाही. गुरांनाही पूर्ण बंदी नसते. पाळीपाळीने, ठरावीक पट्ट्यांत चराई चालते. २०१३ च्या केनियाच्या वन्यजीव कायद्याने अशा क्षेत्रांना मान्यता दिली.

या व्यवस्थेतही उणिवा आहेत. जमीन बहुधा पुरुषाच्या नावावर, म्हणून भाडेही त्याच्याच हातात. गोठ्यात राबणारी बाई करारात कुठेच नाही. कोरोनाच्या काळात पाहुणे आटले, तेव्हा भाडे थकले आणि पर्यटनावर सगळा भार टाकण्यातला धोका उघडा पडला. ऑगस्ट २०२५ मध्ये मारात उघडलेल्या एका आलिशान कॅम्पवरून तर मसाईंपैकीच काहींनी न्यायालयात धाव घेतली. कळपांच्या स्थलांतराच्या वाटेवरच तो बांधला, असे त्यांचे म्हणणे होते. तरीही मूळ कल्पना भक्कम आहे. जनावराने नुकसान केल्यावर पैसे मिळण्याऐवजी, जनावर जगत आहे म्हणून पैसे मिळतात.

रवांडाने वेगळी वाट धरली. पर्वतीय गोरिला पाहण्याचा परवाना २०१७ मध्ये ७५० डॉलरवरून १,५०० डॉलर केला आणि त्याच वेळी उद्यानाच्या उत्पन्नातला आसपासच्या गावांचा वाटा ५ टक्क्यांवरून १० टक्के केला. गोरिलांच्या एका कुटुंबाजवळ दिवसातून आठच पाहुणे, तेही तासभर. गेल्या काही दशकांत पर्वतीय गोरिलांची संख्या वाढत गेली आणि एक हजाराच्या वर पोहोचली; मोठ्या वानरांमध्ये हे फार दुर्मीळ आहे. नामिबियाने १९९६ मध्ये कायदा बदलून सामुदायिक जमिनींवरच्या वन्यजीवांचे हक्क गावांच्या समित्यांना दिले. आज अशी ८६ संवर्धनक्षेत्रे आहेत आणि देशाची सुमारे पाचवा हिस्सा जमीन त्यांच्याखाली आहे. तिथल्या उत्पन्नात परवाना घेऊन होणाऱ्या शिकारीचाही भाग आहे. त्यावर जगभर वाद आहे आणि भारतीय मनाला ते पटणे कठीण आहे. पण गावाच्या हातात निर्णय आल्यावर गाव चोरट्या शिकाऱ्यांच्या विरोधात उभे राहते, हे नामिबियात दिसले आहे.

आणि आफ्रिकेची दुसरी बाजूही आहे. सेरेंगेटी उद्यानासाठी मसाईंना १९५९ मध्ये तिथून उठवून न्गोरोंगोरोकडे पाठवले गेले. जून २०२२ मध्ये टांझानियाच्या लोलिओंडो भागात सुमारे १,५०० चौरस किलोमीटर जमीन वेगळी काढताना मसाईंवर पोलीस चालून गेले. ज्या गवताळ रानाचे फोटो दिवाणखान्यात लागतात, त्याच्या सीमेवर कोणाची घरे होती, हे सहलीच्या पत्रकात छापलेले नसते.

जनावर जगते म्हणून मिळणारा पैसा आणि नुकसान झाल्यावर मिळणारा पैसा, हा भेद महाराष्ट्राकडे वळल्यावर ठसठशीत दिसतो. ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पाने बरेच काही चांगले केले आहे. फाटकावरचे शुल्क प्रकल्पाच्या प्रतिष्ठानाकडे राहते, मुंबईच्या तिजोरीत जात नाही. मोहर्ली, कोलारा, आगरझरीच्या गावांतली मुले-मुली मार्गदर्शक झाली, जिप्सी चालवू लागली. २०१५ पासूनच्या जन-वन विकास योजनेतून जंगलालगतच्या घरांत गॅस आला, काही ठिकाणी शेताला कुंपण आले. पण चंद्रपूर जिल्ह्यात माणूस आणि वाघ यांच्यातला संघर्ष थांबलेला नाही. तेंदूपाने तोडायला, मोहफुले वेचायला, गुरे चारायला गेलेली माणसे दरवर्षी जीव गमावतात. माणूस गेला की वारसांना २५ लाख रुपये मिळतात. सरकारने ही रक्कम टप्प्याटप्प्याने वाढवली, हे योग्यच झाले.

पण हा सगळा पैसा नुकसान झाल्यावरचा आहे. पंचनामा, अर्ज, वनपालाची सही, तालुक्याच्या फेऱ्या. ज्या शेतकऱ्याच्या धुऱ्यावरून वाघीण रोज जाते-येते, ज्याने धान राखायला रात्री मचाणावर बसणे सोडले, पोरीला शाळेत पोहोचवायला स्वतः जाणे सुरू केले, त्याच्या वाट्याला महिन्याच्या महिन्याला काही येत नाही. सफारीतून कमावतो तो गावातला मार्गदर्शक, चालक आणि रिसॉर्टचा मालक. शेजारच्या शेतकऱ्याच्या हाती येते ती फक्त भीती. मसाई जमीनमालकाला भाडे मिळते. विदर्भातल्या कोरडवाहू शेतकऱ्याला मयताची किंवा मेलेल्या बैलाची भरपाई. वाघांची संख्या वाढल्याचा अभिमान महाराष्ट्राने बाळगायचा असेल, तर व्याघ्रमार्गातल्या शेतांनाही एकरी वार्षिक मोबदला द्यायला हवा. सफारीच्या तिकिटावर थोडा अधिभार लावला, तरी त्याची सुरुवात करता येईल.

कोकणात याहून सुखद उदाहरणे आहेत. मंडणगड तालुक्यातल्या वेळासच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी एकेकाळी सर्रास खणून नेली जात. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने भाऊ काटदरे यांच्या पुढाकाराने २००२ च्या सुमारास तिथे काम सुरू केले. पुढे कासव महोत्सव सुरू झाला, पाहुणे गावातल्याच घरांत उतरू लागले, ओटीवर पान मांडून उकडीचे मोदक वाढले जाऊ लागले. घरट्यांची राखण करणारा गावातलाच तरुण, पाहुण्यांना जेऊ घालणारे घरही गावातलेच. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत २०१७ पासून ‘स्वामिनी’ हा महिलांचा बचतगट कांदळवन सफारी चालवतो. मच्छीमार कुटुंबांतल्या या बाया स्वतः होडी वल्हवतात, तिवर कोणते, कांदळ कोणते, चिप्पी कोणती हे पाहुण्यांना ओळखायला शिकवतात, आणि खाडीत कोणी कचरा टाकला तर त्यालाही चार शब्द सुनावतात. त्यांच्या रोजगाराला खाडीचा आधार आहे, आणि खाडीला त्यांचा.

आता हे सारे मुंबईतल्या गोराईच्या काठी आणून पाहण्याची वेळ आली आहे.

गोराई दोन आहेत. खाडीच्या अलीकडे, बोरिवली पश्चिमेला म्हाडाची वसाहत. जागतिक बँकेच्या मदतीने ऐंशीच्या दशकात आखलेल्या लहान भूखंडांवरची चाळवजा घरे आता इमारतींत बदलली आहेत. खाडीच्या पलीकडे, मनोरी आणि उत्तनच्या सोबतीने धारावी बेटावर वसलेले जुने गाव. कोळी आणि ईस्ट इंडियन ख्रिस्ती कुटुंबे, चर्च, भाजीचे मळे, मासळी सुकवायच्या वलाण्या. महापालिका मुंबईची, पण रस्त्याने जायचे तर दहिसर, भाईंदर, उत्तन असा लांबलचक वळसा. नाहीतर जेट्टीवरून लाँच. पर्यटनाच्या नावाखाली गावाने बरेच काही पाहिले आहे. १९८९ मध्ये एस्सेलवर्ल्ड आले, नंतर विपश्यना पॅगोडा उभा राहिला आणि २००९ मध्ये त्याचे उद्घाटन झाले, सुट्टीच्या दिवशी किनाऱ्यावर रिसॉर्टची गर्दी वाढली. मोठ्या पर्यटन क्षेत्रासाठी इथल्या जमिनी घेण्याचा प्रस्ताव आला, तेव्हा गावकऱ्यांनी तो एकजुटीने परतवला. अलीकडच्या काठावर, खाडीला खेटून, पालिकेची कचराभूमी वर्षानुवर्षे होती. ती आता शास्त्रीय पद्धतीने बंद केली आहे.

आणि या सगळ्याच्या मधोमध खाडी आहे. ओहोटीला चिखल उघडा पडला की इथली खरी सफारी सुरू होते. तिवराच्या श्वसनमुळ्या चिखलातून पेन्सिलीसारख्या वर आलेल्या असतात. त्यांच्या आडून निवटे बाहेर पडतात, डोळे टोकाला, पाठीवरचा पंख झेंड्यासारखा उभारून एकमेकांवर धावून जातात. फिडलर खेकड्याचा नर आपला एकच मोठा, उजळ आकडा वरखाली हलवत मादीला बोलावत राहतो. माणसाची सावली पडली की क्षणात सगळा चिखल रिकामा होतो. तिवराचे पान उलटून पाहिले तर त्यावर मिठाचे बारीक कण चमकताना दिसतात. शोषलेले खारे पाणी झाड पानातून बाहेर टाकते. चिप्पीची फुले रात्री उमलतात, वटवाघळे त्यांवर येतात. कांदळाचे बी तर झाडावर असतानाच रुजते आणि शेंगेसारखी लोंबती रोपे भरतीच्या पाण्यात पडून स्वतःची जागा शोधतात. पहाटे खंड्या, ढोकरी, कुदळ्या दिसतात. मुंबईच्या कांदळवनात सोनेरी कोल्हेही आहेत, रात्री कॅमेऱ्यात टिपले गेलेले. हिवाळ्यात पाणपक्षी परदेशांतून येतात. त्यांना पाहायला परदेशी जावे लागत नाही.

पश्चिम महामार्गाच्या पलीकडे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आहे, जेमतेम १०० चौरस किलोमीटरचे. २०१५ च्या कॅमेरा गणनेत तिथे आणि लगतच्या भागात ३५ बिबटे मोजले गेले. नंतरच्या गणनेत ही संख्या ५० च्या पुढे गेली. दाट वस्तीने वेढलेल्या जंगलात बिबट्यांची इतकी घनता जगात फार कमी ठिकाणी असेल. उद्यानातल्या पिंजराबंद बसमधून पाहुणे परराज्यातून आणलेले सिंह पाहतात. पण ज्या वारली पाड्यांवर वाघोबाचे देवस्थान आजही पुजले जाते, ज्यांनी बिबट्यासोबत पिढ्यान्‌पिढ्या राहण्याची रीत जपली, त्या पाड्यांचे ज्ञान या सफारीच्या हिशेबात कुठेच येत नाही. पाड्यांच्या जमिनीचा, पाण्याचा, विजेचा प्रश्न मात्र वर्षानुवर्षे रेंगाळतो.

गोराईत तीच चूक टाळता येईल. महाराष्ट्राचा कांदळवन कक्ष २०१२ मध्ये स्थापन झाला. देशात असा तो पहिला. ऐरोलीला २०१८ पासून रोहित पक्षी दाखवणारी बोट फेरी त्याच यंत्रणेने सुरू केली. २०२० मध्ये पांढरी चिप्पी हा राज्याचा कांदळवृक्ष ठरला. गोराईला कांदळवन कक्षाने आखलेल्या कांदळवन उद्यानात लाकडी पायवाट, पक्षी पाहण्याचा मनोरा आणि माहिती केंद्र यांची योजना आहे. मुंबईच्या पोरांना चिखलातला निवटा दाखवण्यासाठी केनियाचे विमान पकडावे लागू नये, म्हणून असे उद्यान हवेच. पण तिथे माहिती देणारा कोण असेल? होडी कोणाची असेल? गोराई गावच्या मच्छीमारांना, ज्यांच्या आजीने या चिखलातून कालवे आणि निवटे वेचून घर चालवले, त्यांना चारकोपच्या एखाद्या कंत्राटदाराकडे रोजंदारीवर लावायचे की त्यांच्याच सहकारी संस्थेकडे फेरी सोपवायची, हे आज ठरते आहे. २०१७ पासूनच्या कांदळवन संवर्धन व उपजीविका योजनेत खेकडापालन, निसर्ग पर्यटन यांसाठी गावसमित्या आणि अनुदानाची सोय आहे. वेंगुर्ल्याचे उदाहरण समोर आहे. नवे काही शोधायचे नाही. फक्त गोराईच्या समितीला तिकिटाच्या पैशाचा हक्क लिहून द्यायचा आहे.

त्याच खाडीवर आणखी एक संकट घोंगावते आहे. वर्सोवा ते भाईंदर हा किनारा रस्ता चारकोप, गोराई, दहिसर असा जाणार आहे. डिसेंबर २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने त्यासाठी सुमारे ४५ हजार कांदळवन झाडे तोडायला परवानगी दिली. याच न्यायालयाने २०१८ मध्ये, कांदळवन नष्ट करणे हा नागरिकांच्या जगण्याच्या हक्कावर घाला आहे, असे ठाम शब्दांत म्हटले होते. रस्ता सार्वजनिक हिताचा आहे, म्हणून ही मुभा. पण भरपाई म्हणून करायच्या लागवडीतला एक भाग थेट चंद्रपूर जिल्ह्यात जाणार आहे. चंद्रपूरला झाडे लागली तर चांगलेच, तिथे ती हवीतच. पण गोराईच्या खाडीत मासळीची पिल्ले वाढवणारी, भरतीचे पाणी जिरवणारी झाडे गेली, तर विदर्भातले एकही झाड त्या खाडीतला एकही निवटा परत आणणार नाही. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा खाड्या आणि कांदळवने बुजवल्याची किंमत उपनगरांनी मोजली.

ही झाडे तोडली जाताना गोराईच्या कोणत्या घरांची मासेमारी किती घटली, याची नोंद आतापासून ठेवायला हवी. रस्त्याचा खर्च हजारो कोटींचा आहे. त्यातला एक छोटा हिस्सा खाडीवर जगणाऱ्या कुटुंबांना भाड्यासारखा, दरवर्षी, लागवड तगेपर्यंत मिळाला, तर लागवडीची राखण सरकारी कागदावर राहणार नाही. गाव स्वतः रोप मोजेल.

आफ्रिकेला जाणाऱ्यांनी जावेच. फक्त जाताना कंपनीला विचारावे की मुक्काम राखीव क्षेत्रात आहे की मसाईंच्या संवर्धनक्षेत्रात, भाडे किती कुटुंबांना जाते, मार्गदर्शक स्थानिक आहे का, एका जनावराजवळ गाड्या किती थांबतात. उत्तर गोलमोल आले, तर दुसरी कंपनी पाहावी. हाच प्रश्न गोराईच्या उद्यानाच्या तिकीटखिडकीवरही विचारावा. तिकिटावर फक्त रक्कम नको, तिची वाटणीही छापावी: इतके वनखात्याला, इतके गावच्या मच्छीमार संस्थेला, इतके कांदळवनाच्या राखणीला. आणि होडीच्या मोबदल्याचा दर ठरवताना एक साधी गोष्ट लक्षात घ्यावी. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. पण स्थलांतरित पक्ष्यांचा हंगाम नोव्हेंबर ते मार्च असा, म्हणजे नेमका होडी समुद्रावर कमावते तेव्हाचा. गोराईच्या नाखव्याला सकाळची फेरी त्या दिवसाच्या मासळीपेक्षा कमी मोबदल्यात पडली, तर तो पुन्हा जाळे घेऊन निघेल आणि कांदळवनाची फेरी कोणा बाहेरच्याच्या हाती जाईल. म्हणून उद्यानाचे फाटक पाहुण्यांसाठी उघडण्याआधी हा दर मच्छीमार संस्थेशी बसून, लेखी, ठरलेला असावा.